दुपारी दोनचा सी-टू

१९९२ च्या मार्चात मी ब्रिटनमधल्या लेस्टरच्या बाजारात क्लिपबोर्ड घेऊन उभी असायचे. जनमत चाचण्या घेणाऱ्या एका कंपनीचं अर्धवेळ काम. कोटा ठरलेला: इतके पुरुष, इतक्या बायका, अमुक वयाचे, अमुक वर्गाचे. माणसाची पायरी इथे अक्षरांत सांगतात: ए, बी, सी-वन, सी-टू, डी, ई. सी-टू म्हणजे हातात कसब असलेला कामगार. फिटर, गवंडी, इलेक्ट्रिशियन. दुपारी दोन वाजता असा चाळिशीतला गडी बाजारात कुठून सापडणार? सापडलाच तर बहुधा काम सुटलेला. मला तोही चालायचा. रकाना भरला की घरी.

या देशात हा धंदा रुजवला हेन्री ड्युरंट यांनी. अमेरिकेतल्या जॉर्ज गॅलप यांच्या पद्धतीची ब्रिटिश संस्था १९३७ साली निघाली, ती त्यांनी चालवली. पुढच्याच वर्षी वेस्ट फुलहॅमच्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाच्या एडिथ समरस्किल जिंकणार हे त्यांनी आधी सांगितलं आणि ते खरं ठरलं. 'न्यूज क्रॉनिकल' हे दैनिक त्यांचे कौल छापू लागलं. युद्धात सरकारनेही घरोघर प्रश्न विचारणारी माणसं धाडली. माहितीमंत्री होते डफ कूपर, म्हणून लोक या मंडळींना 'कूपरचे चोंबडे' म्हणत. बाजारात लोक मला टाळून पुढे जात होते तेव्हा हे ठाऊक असतं, तर तेवढाच धीर आला असता.

१९४५ च्या निवडणुकीत युद्ध जिंकून देणारे चर्चिल हरतील असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. गॅलपचा आकडा मात्र मजूर पक्ष सहा टक्क्यांनी पुढे असल्याचं सांगत होता. लोकांनी तो वाचला आणि पान उलटलं. २६ जुलैला निकाल लागला तो मजूर पक्षाच्या ॲटलींच्या प्रचंड बहुमताचा. १९७० साली उलटं झालं: एक सोडून सगळ्या चाचण्या मजूर पक्षाच्या विल्सन यांच्या बाजूने, आणि पंतप्रधान झाले कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे हीथ.

कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लेबर या पक्षांना मराठीत हुजूर आणि मजूर म्हणणाऱ्याला दाद द्यायला हवी. फक्त मजूर हुजुरांना मत देतो, ही गोष्ट त्या यमकात बसत नाही. हुजूर पक्षाच्या थॅचरबाईंनी स्थानिक कौन्सिलची घरं भाडेकरूंना विकायला काढली, तेव्हापासून कितीतरी सी-टू तिकडे सरकले होते.

१९९२ च्या निवडणुकीआधीच्या अखेरच्या चाचण्यांची सरासरी मजूर पक्षाला निसटती आघाडी देत होती. ९ एप्रिलच्या रात्री टीव्हीसमोर आम्ही त्रिशंकू संसदेची वाट पाहत बसलो. मग बॅसिल्डनचा निकाल आला. एसेक्समधलं हे गाव म्हणजे सी-टूंचं माहेरघर, आणि जागा हुजूर पक्षाने राखली. सकाळपर्यंत हुजूर पक्षाचे जॉन मेजर साडेसात टक्क्यांनी पुढे होते.

चाचण्या का चुकल्या यावरचा मार्केट रिसर्च सोसायटीचा चौकशी अहवाल १९९४ साली आला. काहींनी ऐनवेळी मत बदललं होतं, हुजूर पक्षाचे मतदार बोलायला नाखूश होते, आणि कोट्यांचे आकडेच चुकीचे होते. कौन्सिलच्या घरांत राहणारे जास्त भरले गेले, दोन गाड्यावाले कमी.

मला आठवला बाकावर चिप्स खात बसलेला माझा एक फिटर. त्याने सगळ्या प्रश्नांची सावकाश उत्तरं दिली आणि मी क्लिपबोर्ड मिटल्यावर म्हणाला, "एवढंच? आणखी काही नाही विचारायचं?"