एक जमात, अनेक दारे : पेण-रोह्याचे बेने इस्रायल

पेणकर, रोहेकर, अष्टमकर, वाक्रूळकर, चेऊलकर, किहीमकर ही आडनावे कोकणातल्या कुठल्याही जातीत सहज खपून जातील. प्रत्यक्षात ती बेने इस्रायल या मराठीभाषक यहुदी समाजाचीही आहेत. पेण आणि वाक्रूळ ही गावे पेण तालुक्यातली. रोहा कुंडलिकेच्या एका तीरावर आहे आणि अष्टमी समोरच्या तीरावर. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड, पनवेल या पट्ट्यातल्या शंभराहून अधिक गावांची नावे या समाजाने आडनाव म्हणून लावली. माणसाची ओळख अशी दुहेरी झाली. आडनाव गावाचे होते आणि धर्म जमातीचा. या दोन बंधनांनी व्यक्तीला आधार किती दिला, तिच्यावर जाच किती केला आणि ती कशी सैल झाली, हा या समाजाच्या गेल्या तीनशे वर्षांच्या इतिहासाचा मुख्य धागा आहे.

समाजाच्या आठवणीप्रमाणे, फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून पुढचा वंश वाढला. बुडालेल्यांच्या समजल्या जाणाऱ्या कबरींचे उंचवटे नवगावला दाखवले जातात. ही कथा इतिहासाच्या कागदपत्रांनी सिद्ध होत नाही. लेखी उल्लेख बराच उशिराचा आहे. १७३८ मध्ये सार्टोरियस या मिशनऱ्याने मद्रासहून लिहिताना पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘बेने इस्रायल’ लोकांची ऐकीव माहिती दिली. त्यांच्याजवळ धर्मग्रंथ नाही आणि प्रार्थनांपैकी त्यांना एक ‘शेमा’ तेवढी येते, असे त्यात म्हटले आहे.

गावगाड्यात या लोकांची जागा ठरलेली होती. ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बैल जुंपत नसत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू ‘सोमवार तेली’ त्यांच्या शेजारीच राहत. त्यामुळे शनिवारची विश्रांती गावाला विचित्र वाटली नाही. एका जातीचा एक पाळणुकीचा वार, इतकाच तिचा अर्थ होता. घाण्याबरोबर शेतीही होती. आंग्र्यांच्या आणि पुढे इंग्रजांच्या चाकरीतही हे लोक शिरले. पोशाख, भाषा, मंगळसूत्र, हळदी-मेंदी सारे काही मराठी वळणाचे होते. गोमांस वर्ज्य होते आणि विधवाविवाहाला उच्चवर्णीय हिंदूंप्रमाणेच नाक मुरडले जाई. खवले आणि पर असलेलाच मासा खाणे, मुलाची आठव्या दिवशी सुंता करणे आणि शनिवार पाळणे, एवढ्या मोजक्या गोष्टींवर वेगळेपण उभे होते.

प्रार्थनामंदिरे नसतानाही धर्म टिकला, कारण तो घरात होता. सणांची नावेही घरगुती होती : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. नवस फेडताना, लग्नाआधी किंवा संकट टळल्यावर ‘मलिदा’ केला जाई. पेण परिसर पोह्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि मलिद्याचा पायाही पोहेच. भिजवलेल्या पोह्यांत गोडवा, ओले खोबरे, वेलची आणि सुका मेवा घालून ताटात रास रचायची, भोवती फळे मांडायची आणि एलियाहू हनाबीचे, म्हणजे एलिया प्रेषिताचे स्तवन करून प्रसाद वाटायचा, अशी ती पद्धत. अलिबागजवळच्या खंडाळे येथे खडकावर एलियाच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी श्रद्धा आहे. मलिद्याची तयारी घरातल्या बायका करत. धर्माचा मोठा हिस्सा अशा रीतीने त्यांच्या हाती राहिला, जरी जमातीच्या बैठकीत त्यांना बसायला जागा नव्हती.

जमातीचा कारभार पुरुषांच्या पंचायतीकडे होता. मुकादम हा प्रमुख, चौगुले त्याचे सल्लागार, गबाई हिशेब ठेवणारा आणि काजी धर्मकृत्ये चालवणारा. परंपरेनुसार डेव्हिड रहाबी नावाच्या बाहेरून आलेल्या यहुद्याने या लोकांना ओळखले, हिब्रू प्रार्थना शिकवल्या आणि झिराड, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतून पहिले काजी नेमले. त्याचा काळ कुणी मध्ययुगात नेतात, तर कुणी अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी कुटुंबाशी जोडतात. काजी लग्ने लावी, सुंता करी आणि मुकादमासोबत तंटेही मिटवी. रूढी मोडणाऱ्याला दंड होई. दंड न मानणाऱ्याला जमातीबाहेर टाकले जाई.

गावात या शिक्षेला धार होती. प्रार्थनेसाठी दहा प्रौढ पुरुषांचा कोरम लागतो. खेड्यात चार-सहा घरे असली की प्रत्येक माणूस मोजावा लागे, आणि ज्याला वगळले त्याला जायला दुसरी जागा नसे. मुलीचे लग्न, मुलाची सुंता, घरातले प्रेत, सारे काही त्याच मोजक्या हातांवर अवलंबून असे. शेजारची हिंदू किंवा मुसलमान घरे सुखदुःखात धावून येत. पण त्यांच्याशी सोयरीक जुळत नसे. जमातीचा आधार आणि जमातीचा धाक एकाच हातातून येत होते.

हा धाक सर्वांत उघड दिसे तो ‘गोरे’ आणि ‘काळे’ या भेदात. ज्यांचे आईबाप दोघेही जमातीतले ते गोरे इस्रायल. ज्यांच्या वंशात बिगर-यहुदी स्त्रीचा संबंध होता ते काळे इस्रायल. येथे प्रश्न कातडीच्या रंगाचा नव्हता, कुळाचा होता. दोघे तोच शनिवार पाळत, तीच शेमा म्हणत. तरी त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नव्हता आणि प्रार्थनेच्या वेळी काळ्यांची जागा मागे असे. आजूबाजूच्या जातिव्यवस्थेचा साचा या समाजाने आपल्या आत उतरवून घेतला होता. एका व्यक्तीने मनाने केलेल्या जोडीदाराच्या निवडीची किंमत तिची नातवंडे-पतवंडे मोजत राहत. हा भेद विसाव्या शतकात हळूहळू विरला.

बदलाची पहिली चाहूल ख्रिस्ती मिशनांनी आणली. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत काम करू लागले आणि कोकणातही त्याच्या शाळा निघाल्या. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. १८३२ मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांना वाटे की जुना करार वाचायला शिकलेले बेने इस्रायल नव्या कराराकडे आपसूक वळतील. शाळांत मुले आली, मुलीही आल्या. काहींनी तिथेच शिक्षक म्हणून नोकरी धरली. धर्मांतर मात्र फार थोड्यांनी केले. मराठीतला जुना करार हाती आल्यावर या लोकांना स्वतःचाच धर्म पहिल्यांदा सलग वाचता आला आणि कोकणातली एक तेली जात जगभरच्या यहुद्यांशी जोडली गेली. १८३३ मध्ये कोचीनहून आलेल्या सॉलोमन शुर्राबींसारख्या शिक्षकांनी त्या वाचनाला उपासनेची शिस्त दिली. वल्हांडणाच्या सणाला वाचायची हगादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. ग्रंथ वाचू शकणाऱ्या सामान्य माणसासमोर काजीच्या तोंडी परंपरेची मक्तेदारी उरली नाही.

दुसरा बदल मुंबईचा. समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युअल एझकिएल दिवेकर, हे कंपनीच्या फौजेतले अधिकारी. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात ‘शाआर हारहमीम’ हे मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. बेने इस्रायल आपल्या प्रार्थनामंदिराला ‘मशीद’ म्हणत. ही झाली जुनी मशीद. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला मतभेद होऊन काही कुटुंबे बाहेर पडली आणि त्यांनी नवी मशीद काढली. गावात जे शक्य नव्हते ते शहरात झाले. पंचायतीशी न पटलेल्यांना धर्म न सोडता दुसऱ्या दाराने आत जाता आले. शिक्षेची धार त्याच दिवशी बोथट झाली.

मुंबईत फौज, रेल्वे, इस्पितळे आणि कचेऱ्यांत स्थिरावलेल्या लोकांचा पैसा आणि नमुना कोकणात परतला. रेवदंड्याला १८४२ मध्ये, अलिबागला १८४८ मध्ये, पनवेलला १८४९ मध्ये आणि पेणला १८६३ मध्ये सिनेगॉग उभे राहिले. पेणच्या सिनेगॉगचे नाव ‘बेथ हा-एलोहीम’. आतली मांडणी सर्वत्र सारखीच असते : जेरुसलेमच्या दिशेने, म्हणजे कोकणात पश्चिमेकडे, तोरा हा धर्मग्रंथ ठेवण्याचे कपाट, मधोमध कठडा असलेला चौथरा, एका बाजूला एलियासाठी राखलेली खुर्ची, बायकांसाठी वेगळी जागा. आसपासच्या खेड्यांतली विखुरलेली घरे सणावाराला एकत्र येऊ शकली. मात्र चार भिंती उभ्या राहताच वर्गणी, मानपान, विश्वस्तपद आणि बसण्याचा क्रम यांवरची भांडणेही पक्क्या पायावर आली.

याच रायगड जिल्ह्यातल्या कोर्लईच्या कॅथलिकांशी तुलना केली तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले, तरी कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याचे हे ख्रिस्ती एका चर्चभोवती राहिले. धर्मामुळे ते हिंदू शेजाऱ्यांपासून वेगळे होते आणि जातीमुळे वरच्या वर्गातल्या ख्रिस्त्यांपासून. एक गाव, एक चर्च आणि आपसातच लग्ने, यांमुळे पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली त्यांची बोली आजवर टिकली. बेने इस्रायलांचे उलट झाले. ते अनेक गावांत विखुरले, म्हणून त्यांची भाषा पूर्णपणे मराठी झाली. कोर्लईत गटाची सीमा भाषेने राखली, तर पेण-रोह्यात ती आडनाव आणि शनिवार यांनी राखली.

शहरात गेल्यावर आडनावही ऐच्छिक झाले. इंग्रजी कचेरीत अनेकांनी वडील-आजोबांचे नाव पुढे लावले : मोझेस, एझकिएल, सॅमसन, रूबेन. १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस हे मूळचे राजपूरकर. सिनेमात फक्त ‘डेव्हिड’ म्हणून गाजलेले नट डेव्हिड अब्राहम हे चेऊलकर. पण सोयरीक जुळवताना गावाचे आडनाव विचारले जाईच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्यासारख्यांनी बायबलमधली आख्याने मराठी कीर्तनाच्या ढंगात रचली. गावाची ओळख येथे जाच म्हणून उरली नाही, ती कलेचे भांडवल झाली. हैम सॅम्युअल किहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली शाळा काढली आणि १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ मध्ये.

स्त्रियांच्या बाबतीत मोठे पाऊल १९२५ मध्ये पडले. डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ ही उदारमतवादी संस्था निघाली. तिथे स्त्री-पुरुष एकत्र बसत आणि प्रार्थनेत इंग्रजीलाही जागा होती. बहुसंख्य समाज जुन्याच वळणाने चालत राहिला; पण ज्यांना जुने वळण नको होते त्यांना समाज सोडावा लागला नाही.

बाहेरच्या जगाने मात्र पुन्हा कुळाचा दाखला मागितला. बगदादकडून येऊन मुंबईत स्थायिक झालेल्या ‘बगदादी’ यहुद्यांनी १८३६ मध्येच दफनभूमीत दोन समाजांमध्ये भिंत घालण्याची मागणी केली होती. रंगूनमध्ये बेने इस्रायलांना सिनेगॉगच्या कारभारातून वगळले गेले, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि १९३५ मध्ये निकाल बेने इस्रायलांच्या बाजूने लागला. काळ्या इस्रायलांना मागे बसवणाऱ्या समाजाला आता स्वतःला मागे बसवले जाण्याचा अनुभव आला.

इस्रायलच्या स्थापनेनंतर हा पेच राष्ट्रीय झाला. १९५० च्या सुमारास भारतात बेने इस्रायलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. पुढच्या दोन दशकांत त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. तिथल्या वागणुकीला विटून सुमारे दीडशे जणांनी धरणे धरले आणि १९५२ मध्ये त्यांना भारतात परत पाठवण्यात आले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य रब्बींनी सूचना काढली की बेने इस्रायल व्यक्तीचे लग्न इतर यहुद्याशी लावण्याआधी तिचे कुळ तपासावे. तिथे विवाह फक्त अधिकृत रब्बीसंस्थेमार्फत होत असल्याने मुंबईसारखे दुसरे दार नव्हते. अख्ख्या देशाचे एकच पेण झाले होते. जेरुसलेममध्ये समाजाने धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने बेने इस्रायल सर्व बाबतीत समान यहुदी असल्याचा ठराव केला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस रब्बीसंस्थेला सूचनेतला बेने इस्रायलांचा खास उल्लेख गाळावा लागला.

भारतात यहुद्यांसाठी वेगळा संहिताबद्ध विवाह कायदा नाही. जमातीबाहेर लग्न करणाऱ्याला विशेष विवाह कायदा, १९५४ चा मार्ग खुला आहे. वाळीत टाकण्याच्या प्रथेविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. गावकीच्या बहिष्काराची अनेक प्रकरणे रायगडात उघडकीस आल्याने या कायद्याच्या चर्चेत हा जिल्हा सतत पुढे होता. त्याच वर्षी राज्याने यहुद्यांना अल्पसंख्य दर्जा दिला. २०११ च्या जनगणनेत देशभरातील यहुद्यांची संख्या पाच हजारांच्या आत होती, आणि कोकणात मोजकीच कुटुंबे उरली आहेत. दहा पुरुष जमवणे हाच तिथला मुख्य प्रश्न झाल्याने कुणाला वगळण्याचा अधिकार व्यवहारात संपला आहे. पेणकर आणि रोहेकर ही आडनावे आज इस्रायलमध्येही आढळतात. तिथे ती जमातीतला दर्जा सांगत नाहीत, फक्त मूळ गाव सांगतात, आणि ती लावायची की नाही हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.