बोंबील वास घेऊन घेता, मग गुंठा फेरफार न वाचता कसा घेता?

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. पण यंदा घर किंवा जागा घ्यायचा-विकायचा विचार असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आपल्या साजगावची कार्तिकीची यात्रा सगळ्यांना ठाऊक आहे. बोंबल्या विठोबाच्या यात्रेत बायामाणसं सुकं म्हावरं घेताना दहा ठिकाणी फिरतात, हातात घेतात, वास घेतात, घासाघीस करतात आणि मग पिशवी उघडतात. आणि तीच माणसं आयुष्यभराची पुंजी घालून दोन गुंठे घेताना रंगीत पत्रक बघून विसार देऊन मोकळी होतात. हे मी बोलतोय, कारण तसली पत्रकं मी स्वतः लिहिलेली आहेत.

२०१० च्या आसपासची गोष्ट. एका साप्ताहिकात बातम्यांबरोबर जाहिरातीही मीच बघायचो. एक्स्प्रेस-वे होऊन काही वर्षं झालेली, खालापूर-कर्जतला जागेचे भाव रोज वर. "सातबारा क्लिअर, लवकरच एन.ए." ही ओळ मी किती वेळा लिहिली त्याची मोजदाद नाही. उतारा मात्र एकदाही मागितला नाही. कारखान्यातून रिटायर झालेल्या एका काकांनी ती जाहिरात वाचून दोन गुंठे घेतले. कागद काय, तर नोटरी केलेलं साठेखत. वर्षभराने ते कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे आले. म्हणाले, "दादा, तुमच्या पेपरात वाचलं म्हणून घेतलं. तलाठी नाव चढवत नाही म्हणतो."

त्या दिवशी मी पहिल्यांदा एक सातबारा नीट वाचला. 'इतर हक्क' या रकान्यात स्पष्ट लिहिलं होतं : कुळकायदा कलम ४३ चे बंधनास पात्र. काकांनी ती ओळ बघितली होती, पण तिचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता. मलाही तो माहीत नव्हता. काकांचे पैसे आजतागायत परत आलेले नाहीत. तेव्हापासून या कागदाचा इतिहास वाचत आलोय, कारण तो कळला की धोका कुठे आहे ते आपोआप कळतं.

सुरुवात इंग्रजांपासून. पेशवाई गेल्यावर सरकारला प्रश्न पडला, सारा कुणाकडून आणि किती घ्यायचा? पुणे भागात प्रिंगलने केलेली पहिली आकारणी इतकी जड झाली की लोक जमिनी टाकून गेले. मग १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरला नव्याने मोजणी केली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, हद्दीला दगड, जमिनीच्या प्रतीप्रमाणे आकार. आपण आज वापरतो ती पद्धत तिथून आली. म्हणजे मूळ प्रश्न 'मालक कोण' हा नव्हताच, 'सारा कोण भरणार' हा होता. सातबारा आजही महसुली कागद आहे. त्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, पण निव्वळ नावामुळे मालकी मिळत नाही, हे कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय.

पुढे १८७५ मध्ये सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. जमीन कुणाच्या ताब्यात, कुणाकडे गहाण, याची धड नोंदच नव्हती. १९०३ ला हक्कनोंदणीचा कायदा आला, हक्क बदलला की त्याची नोंद होऊ लागली. तोच आपला फेरफार, गाव नमुना सहा.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. हा तेव्हाचा कुलाबा. अलिबागजवळ चरी इथे १९३३ ते १९३९, सहा वर्षं कुळांनी खोतांच्या जमिनी न कसता संप केला. पुढारी नारायण नागू पाटील. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ ला कसणारा कुळ जमिनीचा मालक मानला गेला. मिळालेली जमीन पुन्हा धनदांडग्यांच्या घशात जाऊ नये म्हणून कलम ४३ ची अट. काकांना नडलेली ती ओळ म्हणजे कुणाच्या तरी आज्याने उपाशी राहून मिळवलेलं संरक्षण होतं. २०१४ ला ती अट सैल झाली. खरेदीला १० वर्षं झाली असतील तर आकाराच्या ४० पट रक्कम भरून जमीन विकता येते, पण ती आधी भरावी लागते. आदिवासींच्या जमिनीचंही तसंच आहे. बिगरआदिवासीला ती घ्यायची तर शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आपल्याकडे ठाकूर-कातकरी वाड्या किती आहेत ते बघा, म्हणजे हे किती महत्त्वाचं आहे ते कळेल.

आता कामाचं. घेणाऱ्यांनो, आजचा सातबारा हे वहीचं शेवटचं पान आहे. त्यावरचे फेरफार नंबर उतरवून घ्या आणि जुने फेरफार, जुने हस्तलिखित उतारे काढा. वर्ग १ की वर्ग २, इतर हक्कात काय, बँकेचा बोजा आहे का, सगळं बघा. वकिलाकडून निदान ३० वर्षांचा सर्च घ्या. नोटरीवर जागा होत नाही, नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर झालेली 'विक्री' मालकी देत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगितलं. शेतजमिनीतले एक-दोन गुंठे म्हणजे १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याशी गाठ. त्याचे आणि एन.ए.चे नियम अलीकडे बदलत आलेत, म्हणून एजंटला नाही, तहसील कचेरीत विचारा. गावठाणातलं घर असेल तर घरपट्टीची पावती किंवा नमुना आठ म्हणजे मालकी नव्हे. फ्लॅट असेल तर महारेराचा नंबर टाकून प्रकल्प स्वतः तपासा.

विकणाऱ्यांनो, तुमचंही ऐका. आधी वारसनोंद करून घ्या. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, तेव्हा बहिणींना वगळून केलेला व्यवहार पुढे कोर्टात जातो आणि भाऊबीजही जाते. न वाचता कुलमुखत्यारपत्रावर अंगठा उठवू नका. पैसे बँकेतून घ्या आणि सगळे मिळाल्याशिवाय खरेदीखतावर सही करू नका. आणि शेवटचा तुकडा विकताना शंभर वेळा विचार करा. आपल्या राज्यात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. सगळी विकून बसलात तर पुन्हा शेतकरी होणं फार अवघड.

काका अजूनही भाड्याच्या घरात राहतात. मला एक शब्द वाईट बोलले नाहीत, तेच जास्त लागतं.

तेव्हा विसार द्यायच्या आधी उतारा घेऊन या. मी वकील नाही, वकिलाला पर्यायही नाही. पण चहा घेत सोबत बसून प्रत्येक ओळ वाचू. पैसे घेणार नाही. आणि घरात कुणाचा व्यवहार चालू असेल तर ही पोस्ट त्यांना आजच पाठवा.