आठ आण्यांचा कुत्रा

मी निजामपुऱ्यातून बोलतेय, भिवंडीतून. गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतला एक लूमचा कारखाना बंद पडला. यंत्रं भंगारात गेली, कामगार आपापल्या मुलखाला गेले आणि शटरसमोर राहिला एक तांबूस कुत्रा, गळ्यात लाल पट्टा असलेला. पट्टा होता, म्हणजे तो कोणाचा तरी होता. तुमच्याकडेही, तालुक्यातल्या गोदामांजवळ, असंच होतं ना? गोदाम हललं की राखणीचं कुत्रं गावात येतं.

गल्लीत वाद सुरू झाला. कोणी भाकरी टाकायचं, कोणी दगड मारायचं. तेव्हा शेजारच्या आजींनी विचारलं, “अगं, पूर्वी काय करायचे यांचं?” त्या प्रश्नानं मला थेट 1832 सालच्या मुंबईत नेलं.

तेव्हा मुंबईत कंपनी सरकार होतं. उन्हाळ्यात आणि पावसाळा संपता संपता, ठरलेल्या काही आठवड्यांत, मोकाट कुत्री मारायची असा नियम होता. त्या वर्षी सरकारनं ही मुदत वाढवली. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस होतं आठ आणे. आठ आणे आज कोणी उचलणार नाही, पण तेव्हा ती मोठी रक्कम होती. मग काय, बक्षिसाच्या लोभानं शिपाई दारातली, घरातली पाळलेली कुत्रीसुद्धा ओढून नेऊ लागले. मोकाट कोण आणि पाळीव कोण, हे पाहायला वेळ कोणाला होता? पैसे दोन्हीचे सारखेच मिळत होते.

पारशी समाजात कुत्र्याला धर्मात मान आहे. माणूस गेल्यावर त्याच्या देहाला कुत्र्याची नजर दाखवतात, त्याला सगदीद म्हणतात. डोळ्यांच्या वर दोन ठिपके असलेला, म्हणजे ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा त्यासाठी चांगला मानतात. (आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? दत्तगुरूंच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबासोबतही कुत्रा आहे.) 6 जूनला फोर्ट भागात लोक शिपायांवर धावून गेले. दुसऱ्या दिवशी पारशांबरोबर हिंदू, जैन, मुसलमान व्यापाऱ्यांनीही दुकानं बंद ठेवली. कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीला जाणारा शिधा अडवला. शेवटी सैन्य बोलवावं लागलं, धरपकड झाली, काहींना शिक्षा झाल्या. पण समाजातल्या मोठ्या लोकांनी अर्ज केले आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर हलवावीत, असं ठरलं.

बाहेर म्हणजे कुठे? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 1834 साली जमशेटजी जीजीभाई आणि त्यांच्या सोबतच्या गुजराती व्यापाऱ्यांनी भुलेश्वरला पांजरपोळ काढली. निराधार जनावरांना दाणापाणी मिळावं म्हणून. पुढे तिथे गाईगुरंच जास्त झाली आणि जागा पुरेना. मग पांजरपोळीनं कल्याणजवळ रायत्यालाही जागा केली. 1883 मध्ये परळला जनावरांचा दवाखाना उभा राहिला. दिनशा पेटिट यांनी त्यासाठी दान दिलं आणि तो त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नावानं आजही चालू आहे.

गावात गुरांसाठी कोंडवाडा होता, 1871 च्या कायद्यातला. दंड आणि चाऱ्याचे पैसे भरा, जनावर सोडवा; कोणी आलं नाही तर लिलाव. कुत्र्याचा लिलाव कोण घेणार? म्हणून त्याच्यासाठी कोंडवाडा नव्हताच. मुंबईत तर पुढे पुन्हा मारणं सुरू झालं, शेवटी शेवटी विजेचा धक्का देऊन. दरवर्षी हजारो मेली, पण रस्ते रिकामे झाले नाहीत. उकिरडा तसाच राहिला, त्यामुळे उरलेल्यांना पोटभर मिळालं आणि पिल्लं वाढली. हे कळायला दीडशे वर्षं लागली! 1994 पासून मुंबईनं नसबंदीची वाट धरली आणि 2001 मध्ये देशभरासाठी नियम आले. 2023 मध्ये ते नव्यानं लिहिले गेले.

नियमाप्रमाणे काम असं चालतं: कुत्रं कुठून उचललं ते लिहून ठेवायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, कानाला खूण करायची, शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस सांभाळायचं आणि त्याच गल्लीत परत सोडायचं. पिल्लांना पाजणारी कुत्री उचलायची नाही. पिसाळल्याचा संशय असेल तर वेगळं ठेवायचं. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हीच पद्धत ठेवली, फक्त पिसाळलेली आणि हल्लेखोर कुत्री परत सोडायची नाहीत असं सांगितलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बस आणि रेल्वे स्थानकं इथली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, असा आदेश झाला. निवारे किती आणि कुठे, हा भुलेश्वरचा जुना प्रश्न पुन्हा समोर आला.

मी कुत्र्यांची भक्त नाही. माझ्या भाचीला चावा बसला तेव्हा घरच्यांनी जखमेत मिरची भरली होती. तसं करू नका गं. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लस फुकट मिळते. दिलेली एकही तारीख चुकवू नका, जखम खोल असेल तर जखमेत द्यायचं इंजेक्शनही विचारून घ्या. रेबीज एकदा झाला की त्यावर औषध नाही.

आमच्या तांबूसासाठी आम्ही बचत गटाच्या कागदावर महापालिकेला अर्ज दिला, बारा सह्या आणि दोन अंगठे. दोनदा खेटे घातल्यावर गाडी आली. आठवड्यानं तो परतला, कानाला खूण घेऊन. आजींनी त्याच्या गळ्यातला लाल पट्टा सोडला. फार घट्ट झाला होता.