हुबळी-धारवाडच्या गच्चीवरील टोमॅटो

हुबळी आणि धारवाड ही सुमारे वीस किलोमीटर अंतरावरची शहरे १९६२ मध्ये एका महानगरपालिकेखाली आली, तरी शेतीच्या दृष्टीने ती दोन निरनिराळ्या भूभागांच्या सीमेवर वसलेली आहेत. धारवाडच्या पश्चिमेस मलनाडाकडे तांबडी माती आणि अधिक पाऊस, तर हुबळीच्या पूर्वेस कापसाची काळी माती आढळते. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. ओल धरून ठेवण्याचा तिचा गुण कोरडवाहू रानात उपकारक असला, तरी कुंडीत तीच माती घट्ट बसून पाण्याचा निचरा रोखते व टोमॅटोची मुळे कुजवते. म्हणून तांबडी माती, कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू यांचे मिश्रण अधिक मानवते.

दक्षिण अमेरिकेतून आलेले हे फळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही भारतात प्रामुख्याने युरोपीय रहिवाशांसाठी पिकवले जात होते. कुंडीतील लागवडीला पुढे खरी चालना मिळाली ती झाडाच्या बदललेल्या घडणीमुळे. १९१४ मध्ये फ्लोरिडात आपोआप घडलेल्या जनुकीय बदलातून मर्यादित वाढीची, म्हणजे ठरावीक उंचीनंतर शेंडा फुलोऱ्यात संपणारी, झाडे मिळाली आणि भारतात 'पुसा अर्ली ड्वार्फ'सारखे आटोपशीर वाण तयार झाले. १९७३ मध्ये बेंगळुरूच्या इंडो-अमेरिकन हायब्रिड सीड्सने 'कर्नाटक' हा संकरित टोमॅटो बाजारात आणला. १९९७ पर्यंत धारवाड जिल्ह्यात असलेला राणेबेन्नूर परिसर पुढे संकरित भाजीपाला बियाण्याचे मोठे केंद्र बनला. तेथे न उमललेल्या कळीतील पुंकेसर चिमट्याने काढणे आणि नंतर दुसऱ्या वाणाचे पराग स्त्रीकेसरावर लावणे हे अतिशय नाजूक काम प्रामुख्याने स्त्रिया करतात. शहरी बागकामाच्या इतिहासात त्यांच्या श्रमांची नोंद अवश्य व्हायला हवी.

मातीइतकाच पाण्याचा प्रश्नही निर्णायक ठरला. जुळ्या शहरांना नीरसागर तलाव आणि सौंदत्तीजवळील मलप्रभेचे धरण येथून पाणी मिळत असले, तरी २००८ च्या सुमारास काही प्रभागांत चोवीस तास पुरवठ्याचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा अन्यत्र साधारण पाच दिवसांनी एकदा नळ येत असे आणि घरोघरी पाणी साठवावे लागे. टोमॅटोला अनियमित पाणी सोसत नाही: कोरडेपणानंतर एकदम भरपूर पाणी मिळाले की फळे तडकतात, तर ओलाव्यातील चढउतारामुळे कॅल्शियम फळापर्यंत पुरेसे न पोहोचल्यास त्यांचा तळ काळवंडतो. त्यामुळे साठवलेले पाणी रोज थोडे थोडे देणे आणि पालापाचोळ्याने माती झाकणे येथे आवश्यक ठरते.

गच्चीवरील टोमॅटोकडे केवळ शहरी हौस म्हणून पाहणे अपुरे आहे. एका कुंडीत प्रदेशाची माती, नळाचे वेळापत्रक आणि बियाणे घडवणाऱ्या हातांचे कौशल्य एकत्र येते, आणि या तिन्हींचा विचार केल्याशिवाय त्या लागवडीचा इतिहास पूर्ण होत नाही.