पीसीवर ऑनलाइन गेम लॅग होतोय? आधी दोष शोधा, मग पैसे खर्च करा

मोबाईलवर गेम खेळून झाल्यावर बरेच जण घरच्या पीसीवर व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ टाकतात. दोन दिवस मजा येते आणि मग ऐन मॅचमध्ये गेम अडकायला लागतो. मग घरी दोनच मागण्या सुरू होतात: "बाबा, नेटचा प्लॅन वाढवा" नाहीतर "नवीन ग्राफिक्स कार्ड घ्या". दोन्ही खर्चाचं काम आहे. आणि दोष तिसरीकडेच असेल तर दोन्हीचा उपयोग शून्य. म्हणून या लेखात आपण एक पैसाही खर्च न करता दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं ते पाहूया.

लॅग दोन प्रकारचा असतो

आपण सगळ्यालाच 'लॅग' म्हणतो, पण यात दोन वेगळे आजार आहेत.

१. नेटवर्कचा लॅग: स्क्रीनवरचं चित्र स्मूथ असतं, पण समोरचा खेळाडू एका जागेवरून दुसरीकडे उडी मारल्यासारखा दिसतो, तुम्ही पुढे जाऊन परत मागे खेचले जाता, किंवा गोळी मारूनही ती मोजली जात नाही.

२. कमी एफपीएस: अख्खं चित्रच झटके खातं. माऊस फिरवला की दृश्य मागून येतं.

खात्री करायची असेल तर काउंटर-स्ट्राइक २ मध्ये बॉट्सबरोबर ऑफलाइन मॅच खेळा. तिथेही झटके येत असतील तर नेटचा दोष नाही, पीसीकडे बघा. व्हॅलोरंटमध्ये सेटिंग्जमधल्या व्हिडिओ विभागात स्टॅट्स नावाचा टॅब आहे. तिथून क्लायंट एफपीएस, नेटवर्क आरटीटी (म्हणजे पिंग) आणि पॅकेट लॉस हे तीन आकडे स्क्रीनवर चालू ठेवा. गेम अडकतो त्या क्षणी कोणता आकडा बिघडतो ते बघा. अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

नेट तपासायची पद्धत

पहिली गोष्ट, स्पीड आणि पिंग एक नाहीत. मॅच चालू असताना गेमला डेटा फार थोडा लागतो, बहुतेक वेळा १ एमबीपीएसच्या आतच. स्पीड लागतो तो गेम डाउनलोड आणि अपडेट करताना. म्हणून १०० चा प्लॅन ३०० चा केला तरी पिंग तेवढाच राहू शकतो.

पिंग म्हणजे तुमच्या पीसीपासून सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. म्हणजे केबल अगदी सरळ असती तरी जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात. म्हणून गेममध्ये सर्व्हर निवडता येत असेल तर आधी मुंबई निवडलाय का ते बघा.

आता खरी चाचणी. स्टार्टमध्ये सीएमडी शोधून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आयपीकॉन्फिग ही कमांड द्या (कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची). 'डिफॉल्ट गेटवे' समोर दिसतो तो तुमच्या राउटरचा पत्ता, बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होणारा. आता कमांड प्रॉम्प्टच्या दोन विंडो उघडा. एकीत पिंग, मग राउटरचा पत्ता, मग डॅश टी असं लिहा. दुसरीत तसंच, पण पत्ता ८.८.८.८ द्या. दोन्ही चालू ठेवून एक मॅच खेळा. नंतर कंट्रोल + सी दाबून थांबवा.

- राउटरचा पिंगच मध्येमध्ये ५०-१०० वर उडतोय: दोष घरातल्या वायफायचा. प्लॅन वाढवून काही होणार नाही. पीसीला लॅन केबल लावा. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत चालते. केबल शक्यच नसेल तर २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वापरा, कारण २.४ वर ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह आणि शेजारच्यांचे राउटर सगळेच गर्दी करतात. मात्र ५ ची रेंज कमी असते, मध्ये दोन भिंती असतील तर फायदा मिळेलच असं नाही.
- राउटर ठीक, पण दुसरा पिंग उडतोय: आधी घरातले बाकीचे फोन वायफायवरून काढून बघा. कोणाच्या फोनचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर बॅकअप होत असतील तर अपलोडची लाइन भरून जाते आणि तुमच्या गेमची छोटी पाकिटं रांगेत अडकतात. राउटरमध्ये क्यूओएस सेटिंग असेल तर ती चालू करा.
- सगळे फोन काढूनही तेच: आता मोबाईल यूएसबी केबलने पीसीला जोडा, टेदरिंग चालू करा आणि मोबाईल डेटावर एक मॅच खेळा. त्यावर गेम नीट चालला तर दोष ब्रॉडबँडच्या लाइनचा. दोन्ही विंडोंचे वेळेसकट स्क्रीनशॉट काढून सर्व्हिसवाल्यांना पाठवा. "नेट स्लो आहे" यापेक्षा अशी तक्रार टाळणं त्यांना अवघड जातं.

पीसी तपासायची पद्धत

एफपीएसचा घोळ असेल तर आधी या फुकटातल्या गोष्टी बघा:

- मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डलाच लावली आहे ना? मदरबोर्डच्या पोर्टला लावली की गेम बऱ्याचदा प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर चालतो. असेम्बल केलेल्या पीसीत हे हमखास सापडतं.
- लॅपटॉप चार्जरवर आहे ना? बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतात.
- डिस्प्ले सेटिंग्जमधल्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन तो ६० वर चालवणारे बरेच आहेत.
- कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. रॅम ९० टक्क्यांच्या वर असेल तर क्रोमचे टॅब बंद करा.

मग एक सोपी चाचणी. गेमचं रेझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० करा. एफपीएस बराच वाढला तर ताण ग्राफिक्स कार्डावर होता, शॅडो वगैरे सेटिंग्ज कमी करा. एफपीएस जवळपास तेवढाच राहिला तर ताण प्रोसेसर किंवा रॅमवर आहे. अशा वेळी महाग ग्राफिक्स कार्ड घेऊनही फारसा फरक पडणार नाही. इथे टास्क मॅनेजरच्या आकड्याला फसू नका. गेमचं मुख्य काम बऱ्याचदा एक-दोन कोअरवरच असतं, त्यामुळे सीपीयू एकूण ३० टक्के दिसत असला तरी एक कोअर पूर्ण भरलेला असू शकतो.

ग्राफिक्स कार्ड नसेल तर रॅमकडे बघा. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. म्हणून ८ जीबीची एकच स्टिक असेल तर तशीच दुसरी टाकल्यावर चांगला फरक दिसतो, आणि ते नव्या कार्डापेक्षा खूप स्वस्त पडतं.

गेम पहिली पंधरा-वीस मिनिटं मस्त चालून मग अडकत असेल तर उष्णतेवर संशय घ्या. प्रोसेसर ९५-१०० अंशांजवळ गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. विदर्भात मे महिन्यात खोलीच तापलेली असते, त्यात पंख्यात धूळ म्हणजे संपलंच. पीसी बंद करून, प्लग काढून धूळ साफ करा. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नका.

हे मात्र करू नका

'एफपीएस बूस्टर' किंवा 'पिंग शून्य' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर टाकू नका, आणि त्यांच्यासाठी अँटीव्हायरस तर अजिबात बंद करू नका. हार्डवेअरची ताकद सॉफ्टवेअरने वाढत नाही आणि अंतरही कमी होत नाही. उलट अशा फाइलमधून अकाउंट चोरीला जाऊ शकतं किंवा गेमच्या अँटीचीटमध्ये सापडून बॅन होऊ शकतं.

एका वेळी एकच बदल करा, आकडा वहीत लिहा आणि मग पुढचा बदल करा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. एवढं करूनही काही विकत घ्यायची वेळ आली, तर निदान नेमकं काय घ्यायचं ते तुम्हाला घरी आकड्यांसकट सांगता येईल.