वालाच्या दाण्यातलं कुलूप

डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडा. सॅक पाठीवरून काढून पोटाशी घ्या. आत संशोधनाची वही आहे, आणि डब्यात डाळिंब्यांची उसळ. दिवा मागे पडतं आणि गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरते. तुम्ही चमकता, कारण 2022 पासून फास्ट लोकल या बोगद्यातून जातच नाहीत, मुंब्र्यावरून जातात. काळोखात डब्यातली गर्दी हळूहळू विरळ होते, मोबाइलचे उजेड एकेक करून मावळतात. गाडी बाहेर पडते तेव्हा खाडीवर उजाडलेलं असतं आणि साल असतं 1954.

ठाण्यापाशी एकही टॉवर दिसत नाही. पुढे भांडुपपर्यंत मिठागरं. व्हीटीला उतरा, ट्रामच्या रुळांवरून जपून फ्लोरा फाउंटन ओलांडा. सातव्या एडवर्डचा काळा घोडा अजून आपल्या चौथऱ्यावर उभा आहे. त्याच्या पलीकडची पिवळसर दगडी इमारत म्हणजे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. आत जा. जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरल्याबरोबर ओळखीचा वास येतो. भिजलेल्या वालांचा.

बाकापाशी उभ्या असलेल्या प्राध्यापिका म्हणजे डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत, लेखिका दुर्गा भागवतांच्या भगिनी. केंब्रिजची पीएच.डी. मिळवलेली ही बाई मुंबईत येऊन वाल का भिजवते, हे समजायचं तर आणखी मागे जायला हवं.

बंगळुरू, 1933. टाटांच्या विज्ञान संस्थेचं आवार. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकानं उत्तीर्ण झालेली मुलगी संचालकांच्या दाराशी उभी आहे. तिचे वडील नारायणराव आणि काका माधवराव याच संस्थेत रसायनशास्त्र शिकले. संचालक आहेत सर सी. व्ही. रामन, तीन वर्षांपूर्वीचे नोबेलविजेते. मुलींना प्रवेश नाही, असं त्यांनी कळवलंय आणि कारण फक्त ती मुलगी असणं, एवढंच आहे. ती परत जात नाही. अखेर प्रवेश मिळतो तो अटींवर: वर्षभर तात्पुरता, कामाबद्दल संचालकांचं समाधान झालं तरच मान्यता, आणि आपल्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही. या शेवटच्या अटीचा राग मला आजही येतो. तुम्हालाही येऊ द्या, पण तिथे थांबू नका, कारण तीही थांबली नाही. तिचे तिथले शिक्षक श्रीनिवासय्या यांच्या कडक शिस्तीत तिनं दुधातली आणि कडधान्यांतली प्रथिनं तपासली आणि 1936 मध्ये एम.एस्सी. केलं. तिचं काम पाहिल्यावर रामन यांनी इतर मुलींसाठीही दार उघडलं.

आता केंब्रिज, 1938. सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची जीवरसायनाची प्रयोगशाळा. जागा इतकी अपुरी की डेरेक रिश्टर यांनी आपलं बाक दिवसा या भारतीय मुलीला दिलं आणि स्वतः रात्री काम केलं, असं सांगतात. पुढे ती रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या ऊतींवर काम करू लागली. तिच्यापुढे आहे बटाटा.

याच केंब्रिजमध्ये डेव्हिड कीलिन यांनी 1925 साली जे पाहिलं, ते आधी तुम्हीही पाहा. छोटा वर्णपटदर्शक डोळ्याला लावा, समोर यीस्टचा दाट काला धरा. रंगपट्टीच्या हिरव्या भागात एक काळी रेघ दिसते. काल्यात हवा सोडून हलवा, रेघ नाहीशी होते. क्षणभर थांबा, पेशींनी प्राणवायू संपवला की ती परत उमटते. ही रेघ म्हणजे सायटोक्रोम, पोटात लोह बाळगणारं प्रथिन. अन्नातून सुटलेला इलेक्ट्रॉन ते घेतं आणि पुढच्याला देतं. हातोहात चालणाऱ्या या देवघेवीच्या शेवटी प्राणवायूचं पाणी होतं आणि वाटेत सुटलेल्या ऊर्जेवर पेशी जगते. पेशी श्वास घेते हे शाळेत पाठ केलेलं वाक्य इथे डोळ्यांनी दिसतं, रेघ येते आणि जाते तेव्हा.

प्राणी आणि यीस्ट यांचं ठीक, पण वनस्पतींचं काय? बटाट्याच्या पेशी अशाच श्वास घेतात का? कमलाबाईंच्या कामातून उत्तर होकारार्थी आलं. सपुष्प वनस्पतींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचा हिल आणि भागवत यांचा टिपणवजा लेख 1939 मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्याच वर्षी तिला पीएच.डी. मिळाली. प्रबंध होता जेमतेम 40 पानांचा. आजच्या आपल्या प्रबंधांची जाडजूड बाडं आठवा आणि ती 40 पानं हातात घेऊन पाहा.

सायटोक्रोमची गोष्ट तिथे संपली नाही. 1996 साली कळलं की त्यांतलं सायटोक्रोम सी मायटोकॉन्ड्रियातून निसटून पेशीरसात आलं, की पेशीच्या शिस्तबद्ध मृत्यूची प्रक्रिया सुरू होते. आत असताना जगवणारं प्रथिन बाहेर पडलं की मरणाचा निरोप देतं. एका प्रथिनाचं एकच काम असतं असं धरून चालणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानं हे लक्षात ठेवावं.

1939 मध्ये कमला भारतात परतली. दिल्लीचं लेडी हार्डिंज कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, 1947 मध्ये लग्न आणि मुंबई. या वाटेवर कुन्नूर फार महत्त्वाचं ठरलं, असं मला वाटतं. ज्या देशात लेकरांना पोटभर मिळत नाही तिथे प्रथिनाचा अभ्यास ताटापासून सुरू व्हायला हवा, ही दिशा तिच्या पुढच्या सगळ्या कामात दिसते. राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या सूचनेवरून तिनं नीरेचा अभ्यास हाती घेतला. पालघर, डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते आणि तिथली ताडाची, शिंदीची झाडं तुम्हाला ठाऊक आहेत. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर ताडीला मनाई होती, पण पहाटे उतरवलेल्या, न आंबलेल्या नीरेचं काय करायचं हा प्रश्न उरला होता. कमलाबाईंनी तिच्यातली जीवनसत्त्वं आणि लोह मोजलं. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गर्भवतींच्या आहारात नीरा दिल्यावर प्रकृती सुधारते, हे दाखवलं. त्या कामाला पुढे राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आता परत 1954 च्या बाकाशी या. वाल भिजले आहेत.

त्या काळी बियांतून प्रथिन वेगळं काढायचं म्हणजे दिवसचे दिवस जायचे. दळलेल्या वालाचं पीठ पाण्यात कालवायचं, गाळायचं, अमोनियम सल्फेट घालून एकेक प्रथिन तळाशी बसवायचं, मीठ काढून टाकायला अर्धपारगम्य पिशवीत भरून थंड पाण्यात सोडायचं. पुन्हा विरघळवायचं, पुन्हा बसवायचं. घाई केली, तापमान चढलं, की प्रथिनाची घडी उलगडते आणि आठवड्याचं काम वाया जातं.

शोध कशाचा आहे? तीन परीक्षानळ्या घ्या. तिन्हींत दुधातलं केसीन. पहिलीत आणखी काही नको. दुसरीत ट्रिप्सिन घाला, म्हणजे आपल्या स्वादुपिंडातून लहान आतड्यात येणारं, प्रथिनं तोडणारं विकर. तिसरीत ट्रिप्सिन आणि वालाचा अर्क. थोड्या वेळानं तिन्हींत ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल घाला. पहिलीत पांढरा गाळ भरपूर. दुसरीत फारच थोडा, कारण केसीनचे तुकडे झालेत आणि तुकडे गाळ धरत नाहीत. तिसरीत परत भरपूर. वालात असं काहीतरी आहे, जे ट्रिप्सिनला काम करू देत नाही.

ते काहीतरी म्हणजेही एक प्रथिनच. ट्रिप्सिनच्या ज्या खोबणीत अन्नाची साखळी तुटायची, तिथेच ते कुलपासारखं बसतं. बीला त्याचा उपयोग उघड आहे. तिच्या पोटात रोपासाठी साठवण असते आणि ती खायला टपलेल्या अळीची पचनक्रिया अडवणं हा राखणीचा एक मार्ग. आपल्या शरीरातही हीच युक्ती आहे. स्वादुपिंड ट्रिप्सिन थेट बनवत नाही, निष्क्रिय रूपात बनवतं, आणि चुकून काही जागं झालंच तर त्याला अडवणारं प्रथिन शेजारी तयार ठेवतं. नाहीतर ग्रंथी स्वतःलाच पचवेल.

पण अर्कात शेकडो प्रथिनं असतात. त्यांतलं नेमकं कोणतं, हे निर्विवाद सांगायचं तर ते शुद्ध हवं आणि त्या काळातली शुद्धतेची सर्वांत खणखणीत साक्ष म्हणजे स्फटिक. जेम्स समनर यांनी 1926 मध्ये आबईच्या जातकुळीतल्या एका शेंगेच्या बियांतून युरिएजचे स्फटिक काढले आणि विकरं प्रथिनंच असतात असं सांगितलं, तेव्हा नामवंतांनी विश्वास ठेवला नाही. 1946 चं नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळालं. सोयाबीनमधल्या ट्रिप्सिनरोधकाचे स्फटिक कुनिट्झ यांनी चाळीसच्या दशकात अमेरिकेत मिळवले. आता मुंबईत, आपल्या वालाची पाळी आहे. केंब्रिजहून आलेल्या संशोधकाला परदेशी चालू असलेला एखादा झगमगता विषय पुढे रेटता आला असता. त्या तोडीच्या हातानं वाल निवडणं मला फार मोठं वाटतं, कारण इथल्या लाखो घरांत प्रथिनाची गरज भागवायची ती वालानं, तुरीनं, मुगानं.

चौथी नळी तुम्ही लावा. नीट शिजवलेल्या वालाचा अर्क घ्या आणि बाकी सगळं तसंच. या वेळी गाळ कमी येतो, रोधकाचा जोर बराच उतरलेला असतो. कच्चे वाल घरात कुणी खात नाही. भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे, मग शिजवायचे, हा आपल्या स्वयंपाकघराचा क्रम आता वहीत आकड्यांनी उतरवता येतो.

शेजारच्या बाकावर डबल बी भिजत पडली आहे. तिचेही स्फटिक मिळायचे आहेत. दोन्हींची हकीकत पुढच्या वर्षी, 1955 मध्ये, 'नेचर'मध्ये सोहोनी आणि अंबे या नावांनी छापून येईल. त्याआधी एवढा अर्क गाळायचा आहे. चला, गाळणकागद घ्या.