लघुशब्द (अक्षरखेळांतील)

लघुशब्द : शब्दकोडी, सोंगट्या जुळवण्याचे खेळ आणि भेंड्या यांत अडलेली जागा भरून काढणारा एका-दोन अक्षरांचा शब्द. १९३८ मध्ये आल्फ्रेड बट्स या अमेरिकी वास्तुरचनाकाराने मांडलेल्या आणि १९४८ पासून ‘स्क्रॅबल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळात अशा शब्दांच्या याद्या खेळाडू घोकून पाठ करतात. मराठीत तशी घोकंपट्टी फारशी कोणी करत नाही. कारण मराठीत अक्षर कशाला म्हणायचे, इथूनच प्रश्न सुरू होतो.

वर्तमानपत्री शब्दकोड्याने तो आपल्यापुरता सोडवला आहे. मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर सगळे मिळून एक घर. ‘स्त्री’ एका घरात मावते. संगणकाला त्यासाठी सहा संकेत लागतात. सोंगट्यांना मात्र हा हिशेब झेपत नाही. स्क्रॅबलमध्ये शंभर सोंगट्या पुरतात. मराठीची चौतीस व्यंजने बाराखडीत फिरवली तर चारशे आठ होतात आणि जोडाक्षरे तरीही बाहेरच राहतात. म्हणून लघुशब्दांचे मराठी घर म्हणजे कागदावरचे कोडेच.

एकाक्षरी शब्दांत सर्वनामे आणि आज्ञार्थी क्रियापदे (जा, ये, घे, दे) सोडली तर ऊ, जू, पू, बी, खो, भू, धी, ज्या अशी नामे उरतात. ‘ज्या’ म्हणजे धनुष्याची दोरी. सर्वनामाच्या आड लपत असल्याने ती सहसा पटकन सुचत नाही. ‘गू’ सभ्य कोडेकार टाळतात, शब्द म्हणून त्यात काही उणे नाही. शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा या नियमामुळे हे शब्द बहुधा दीर्घ असतात. ‘नि’ हा ठळक अपवाद. संस्कृतात पुरुषोत्तमदेवाचा ‘एकाक्षरकोश’ आहे, पण त्याच्या आधाराने ‘ख’ म्हणजे आकाश असे घर भरायला लावणे ही लबाडीच. मराठी माणसाच्या तोंडी तो ‘ख’ खगोलात येतो, एकटा कधीच नाही.

दोन अक्षरांत खरी श्रीमंती ‘ळ’ची. तो शब्दाच्या आरंभी येत नाही, म्हणून भेंड्यांत त्याचा ‘ल’ करून घेतात. शेवटी मात्र तो जवळजवळ कोणालाही चिकटतो : कळ, खळ, गळ, छळ, तळ, नळ, पळ, बळ, मळ, वळ. ‘खळ’ म्हणजे चिकटवायची लापशी, ‘वळ’ म्हणजे छडीची अंगावर उठलेली खूण. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढल्यावर ‘नांव’ आणि होडीवाचक ‘नाव’ एकाच रूपात आले. शुद्धलेखनवाद्यांनी तक्रार केली असेल, कोडेकाराचा फायदाच झाला.

एका रूपात अनेक अर्थ बाळगणारे असे शब्द नवी मुंबईच्या दक्षिण टोकाला, उरण तालुक्यातल्या द्रोणागिरीत आणि आसपास विशेष भेटतात. सिडकोची ही वसाहत ज्या डोंगराचे नाव मिरवते, तो हनुमानाच्या हातून निसटलेला द्रोणागिरीचा तुकडा, अशी दंतकथा आहे. खाली भातखाचरे, मिठागरे आणि कोळीवाडे. गावांची नावेही आटोपशीर : शेवा, न्हावा, मोरा, फुंडे. जसखार, सावरखार ही गावे आणि शेमटीखार, खारकोपर ही लोकलची स्थानके यांत ‘खार’ येते. १२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपर ते उरण मार्गाचे उद्घाटन झाले तेव्हा हा शब्द लोकलच्या आणखी एका फलाटावर झळकला. खार म्हणजे बांध घालून खाडीकडून मिळवलेली जमीन. तिच्यासाठी राज्याचा १९७९ चा स्वतंत्र कायदा आहे. झाडावरची खार निराळी, लोणच्याचा खार निराळा, आणि एखाद्यावर खाऊन असतो तो आणखी निराळा.

कोळ्यांचे शब्द याहून लबाड. ‘डोल’ हे पिशवीसारखे जाळे, आणि डोलणेही. ‘घोळ’ हा किमती मासा; बाकीच्यांसाठी तो गोंधळ. ‘वाम’ हा सापासारखा लांब मासा, संस्कृतात डावा. ‘वाव’ म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढे खोलीचे माप. अमावस्या-पौर्णिमेला उधाण येते. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढते, कमी उतरते, ओढ मंदावते, डोलीला मासळी कमी लागते. या दिवसांना ‘भांग’ म्हणतात.

एक जोडी मांडून पाहू. आडवा, दोन घरे : ‘केसांत पडतो, शंकराला चढते, अष्टमीला लागतो.’ त्याच्या दुसऱ्या अक्षरापासून खाली, दोन घरे : ‘माशाला टाकतात, माणसाला घालतात.’ उभे उत्तर ‘गळ’. आडवे ‘भांग’ पहिल्या दोन खुणांवर कोणीही लिहील; तिसरी उरणजवळच्या करंजा कोळीवाड्यातल्या माणसाला आधी कळते.